परवानगी कोणाची, वीज कोणाची?

जपानच्या निगाता प्रांतात, समुद्रकिनारी, काशिवाझाकी-कारिवा नावाचे अणुवीज केंद्र आहे. सात अणुभट्ट्या, ८,२१२ मेगावॅट क्षमता. क्षमतेच्या हिशेबात जगात याहून मोठे अणुवीज केंद्र नाही. या केंद्रातली सहाव्या क्रमांकाची भट्टी २१ जानेवारी २०२६ रोजी पुन्हा सुरू करण्यात आली. मार्च २०१२ पासून ती बंद होती. नियंत्रण दांडे बाहेर काढताना धोक्याचा इशारा वाजला म्हणून दुसऱ्याच दिवशी ती थांबवावी लागली आणि फेब्रुवारीत पुन्हा चालू झाली. केंद्राची मालक टेप्को, म्हणजे तोक्यो इलेक्ट्रिक पॉवर कंपनी. फुकुशिमाचे केंद्र जिचे होते, तीच ही कंपनी. फुकुशिमानंतर टेप्कोने सुरू केलेली ही पहिली भट्टी.

मित्रहो, जपानमधल्या एका भट्टीवर संपादकीय कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण असे की, ती सुरू करण्याआधी तिथल्या सरकारने स्थानिक लोकांची संमती घेतली, असे जगाला सांगितले गेले. ही संमती कशी घेतली, कोणाकडून घेतली आणि कोणाला विचारलेच नाही, हे बारकाईने पाहिले तर राजापूर तालुक्यातल्या एका किनाऱ्याची गोष्ट जास्त स्पष्ट दिसते. तिकडे आपण शेवटी येऊच.

आधी थोडा मागचा भाग. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीत फुकुशिमा दाइइची केंद्राची वीज गेली, शीतकरण बंद पडले आणि तीन भट्ट्यांमधले इंधन वितळले. दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. तेव्हा जपानमध्ये ५४ भट्ट्या होत्या आणि देशाची तीसेक टक्के वीज त्यांतून येत होती. एकेक भट्टी तपासणीसाठी बंद होत गेली, पण बंद झालेली पुन्हा सुरू करायला कोणी धजेना. ५ मे २०१२ रोजी होक्काइदोतली शेवटची भट्टीही थांबली. १९७० नंतर पहिल्यांदाच जपान अणुविजेशिवाय चालू लागला.

ही स्थिती दोन महिनेही टिकली नाही. ओसाका-क्योतोच्या भागात उन्हाळ्यात वीज कमी पडेल, उद्योग बसतील, रुग्णालये अडचणीत येतील, असा युक्तिवाद पुढे आला. जूनमध्ये पंतप्रधान योशिहिको नोदा यांनी फुकुई प्रांतातल्या ओइ केंद्राच्या दोन भट्ट्या सुरू करायला मंजुरी दिली. फुकुशिमाची चौकशी करणाऱ्या संसदीय आयोगाचा अहवाल तेव्हा यायचा होता. नवा स्वतंत्र नियामकही अस्तित्वात आला नव्हता. तो सप्टेंबरमध्ये आला. अपघात का झाला हे ठरायच्या आत, पुढे तो होणार नाही असे चार मंत्र्यांनी बसून ठरवले. ओइची पहिली भट्टी १ जुलैला चालू झाली आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत आयोगाचा अहवाल आला. ही आपत्ती मानवनिर्मित होती, सरकार, नियामक आणि टेप्को यांच्या साटेलोट्यातून घडली, असा त्याचा निष्कर्ष होता. दर शुक्रवारी संध्याकाळी पंतप्रधान निवासासमोर हजारो लोक जमत होते. ज्या देशात रस्त्यावर उतरणे फारसे चांगले मानले जात नाही, तिथे लहान मुलांना कडेवर घेऊन आलेल्या आया दिसत होत्या.

ओइ गावाने मात्र होकार दिला होता. फुकुईच्या गव्हर्नरांनीही दिला होता. स्थानिकांची हरकत नाही, असे सरकार म्हणू शकले ते याच आधारावर.

आता हे स्थानिक म्हणजे कोण ते पाहू. बंद भट्टी सुरू करायला स्थानिक संमती हवी, असे जपानच्या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. कंपनी आणि स्थानिक प्रशासन यांच्यातले करार आणि रूढ झालेला प्रघात, एवढ्यावर ते चालते. प्रघात असा की, केंद्र ज्या गावाच्या हद्दीत आहे ते गाव आणि तो प्रांत, एवढ्यांनाच विचारायचे. (तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, लोकांनी निवडून दिलेला असतो.) फुकुशिमानंतर ३० किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक गावाने लोकांना बाहेर काढण्याचा आराखडा तयार ठेवावा, असा नियम झाला. म्हणजे पळायची तयारी सगळ्यांनी करायची. हो की नाही म्हणायचा अधिकार मात्र एक-दोघांचा.

याला अपवाद आहेत, पण ते झगडून मिळवलेले. इबाराकी प्रांतातल्या तोकाई केंद्राच्या बाबतीत २०१८ साली आसपासच्या पाच शहरांनी यजमान गावाच्या बरोबरीने पूर्वसंमतीचा हक्क कंपनीकडून लिहून घेतला. तिथे ३० किलोमीटरच्या आत नऊ लाखांवर लोक राहतात. २०२१ मध्ये मितोच्या न्यायालयाने, एवढ्या लोकांना बाहेर काढण्याचा पुरेसा आराखडाच नाही, या कारणावरून ते केंद्र चालवायला मनाई केली. फुकुईतल्या ताकाहामा केंद्राविरुद्ध शेजारच्या शिगा प्रांतातले लोक न्यायालयात गेले. शिगातल्या बिवा सरोवराचे पाणी ओसाका-क्योतोपर्यंत जाते. भट्टी फुकुईत, संमती फुकुईची आणि पाणी बिघडले तर ते शिगाचे, असा तो मामला होता. मार्च २०१६ मध्ये ओत्सूच्या न्यायालयाने चालू असलेली भट्टी बंद करायला लावली. जपानमध्ये असे पहिल्यांदाच घडले. वर्षभराने वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला, ही गोष्ट वेगळी.

गावे होकार का देतात, हेही नीट समजून घ्यायला हवे. गावकरी अडाणी किंवा विकले गेलेले असतात, असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. १९७४ साली पंतप्रधान काकुएइ तनाका यांच्या काळात तीन कायदे झाले. वीज केंद्र स्वीकारणाऱ्या गावांना सरकारी अनुदान मिळू लागले, त्यातून शाळा, सभागृहे, रस्ते, क्रीडासंकुले उभी राहिली. तनाका स्वतः काशिवाझाकीच्याच परिसरातले. बर्फात अर्धे वर्ष अडकून पडणाऱ्या, पोटासाठी तोक्योला जावे लागणाऱ्या आपल्या मुलखाला काहीतरी मिळवून द्यायचे, ही त्यांच्या राजकारणाची ओढ खरी होती. पण अनुदानाचा स्वभाव असा की, काही वर्षांनी ते आटते आणि बांधलेल्या इमारतींचा खर्च राहतो. मग गावच दुसरी भट्टी मागते. पुढे भट्टी बंद पडली की खाणावळ, लॉज, वेल्डिंगचे दुकान, सगळेच बसते. अशा गावाला ‘सुरू करू का?’ असे विचारणे म्हणजे उपाशी माणसाला जेवणार का म्हणून विचारणे.

निगातात नेमके काय झाले ते आता पाहू. गव्हर्नर हिदेयो हानाझुमी यांनी सुरुवातीपासून सांगितले होते की, निर्णय घेताना आपण लोकांचा कौल घेऊ. अनेकांनी याचा अर्थ सार्वमत किंवा निवडणूक असा घेतला. सार्वमत घ्या म्हणून नागरिकांनी सुमारे १ लाख ४३ हजार सह्या गोळा करून दिल्या. एप्रिल २०२५ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने ती मागणी फेटाळली. त्यानंतर प्रांतानेच लोकांची एक पाहणी केली. तिच्यात सुमारे ६० टक्के लोकांनी सांगितले की, भट्टी सुरू करण्यासाठीच्या अटी पूर्ण झाल्या आहेत असे आम्हाला वाटत नाही. टेप्को हे केंद्र चालवणार याचीच काळजी वाटते, असे म्हणणारे जवळजवळ ७० टक्के होते. पुढच्या दहा वर्षांत प्रांतासाठी १०० अब्ज येन देऊ, असे टेप्कोने जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये गव्हर्नरांनी संमती दिली. लोकांचा कौल म्हणून त्यांनी विधिमंडळाकडून आपल्यावरचा विश्वास मागितला आणि २२ डिसेंबरला तो मिळाला.

निकाल आधी ठरवायचा, मग बैठक बोलवायची आणि ‘सगळ्यांची रझामंदी आहे ना?’ असे विचारून फातिहा पढायची, ही रीत आपल्या मोहल्ल्यातही सगळ्यांनी पाहिली आहे. जपानमध्ये ती जास्त अदबीने पार पडते, इतकेच.

या सगळ्यात एक साधी गोष्ट मागे पडते. काशिवाझाकीची वीज निगाताला मिळतच नाही. निगाताला वीज पुरवणारी कंपनी वेगळी आहे, तोहोकू इलेक्ट्रिक. टेप्कोची वीज डोंगर ओलांडून तोक्यो आणि भोवतालच्या महानगरात जाते. फुकुशिमाचेही तसेच होते. ज्यांची घरे गेली, त्यांच्या घरातला दिवा त्या केंद्राच्या विजेवर लागतच नव्हता.

आणि पळायचे म्हटले तर पळायचे कसे? काशिवाझाकीच्या ३० किलोमीटरच्या आत चार लाखांहून अधिक लोक आहेत. निगाता म्हणजे बर्फाचा प्रदेश. डिसेंबर २०२२ मध्ये याच काशिवाझाकीजवळच्या राष्ट्रीय महामार्गावर बर्फामुळे शेकडो गाड्या दीड दिवस अडकून पडल्या होत्या. त्या रात्री भट्टीत बिघाड झाला असता तर, हा प्रश्न तिथल्या आया विचारतात तेव्हा त्यांना अणुविज्ञान कळत नाही, असे उत्तर देता येत नाही. फुकुशिमात भट्टीजवळच्या एका रुग्णालयातून आणि त्याला जोडलेल्या वृद्धाश्रमातून लोकांना घाईघाईने, तासन् तास बसमध्ये बसवून हलवले. त्यात चाळीसहून अधिक वृद्ध आणि आजारी माणसे दगावली. ती किरणोत्साराने मेली नाहीत, नियोजन नव्हते म्हणून मेली.

टेप्कोवर विश्वास का नाही, याला जुना इतिहास आहे. तपासणीच्या नोंदी खोट्या लिहिल्याचे २००२ मध्ये उघड झाले, तेव्हा तिच्या सगळ्या १७ भट्ट्या तपासणीसाठी बंद कराव्या लागल्या. २००७ च्या भूकंपात काशिवाझाकीत ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि धुराचे लोट सगळ्या जपानने टीव्हीवर पाहिले. फुकुशिमानंतर तरी शहाणपण यावे, तर याच केंद्रात एक कर्मचारी दुसऱ्याचे ओळखपत्र वापरून थेट नियंत्रण कक्षापर्यंत गेल्याचे बाहेर आले. म्हणून नियामकाने २०२१ मध्ये केंद्र चालवायला बंदी घातली. ती उठली डिसेंबर २०२३ मध्ये. जबाबदारीचे म्हणाल, तर जून २०२२ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने फुकुशिमासाठी सरकार भरपाईला बांधील नाही असे ठरवले आणि मार्च २०२५ मध्ये टेप्कोच्या माजी अधिकाऱ्यांची फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटका कायम केली. एवढा मोठा अपघात घडला आणि गुन्हेगार म्हणून कोणीच ठरले नाही.

दुसरी बाजू पोकळ नाही, हेही सांगितले पाहिजे. जपानकडे तेल नाही, वायू नाही, कोळसा नाही. भट्ट्या बंद पडल्यावर तो देश परदेशी वायू आणि कोळशावर गेला. त्याचे बिल प्रचंड आहे आणि धूर सगळ्या जगाच्या वाट्याला येतो. हवामान बदलाची झळ गरीब किनारपट्ट्यांना आधी लागते, हे बांगलादेशापासून कोकणापर्यंत दिसते. म्हणून अणुवीज नकोच, असे म्हणून हा प्रश्न संपत नाही. तुमच्यापैकी जे इंजिनीअरिंग करत आहेत, त्यांना या बाबतीत आमच्याहून जास्त कळते. फेब्रुवारी २०२५ च्या ऊर्जा आराखड्यात जपानने अणुविजेवरचे अवलंबन शक्य तितके कमी करू, हे जुने वाक्य काढून टाकले आणि २०४० पर्यंत सुमारे २० टक्के वीज अणूतून घेण्याचे ठरवले. तो त्या देशाचा अधिकार आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. ज्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर चालणारच नाही, तो विचारून मिळालेल्या ‘हो’ला संमती म्हणता येत नाही.

‘नाही’ चालू शकते, याची उदाहरणे त्याच किनाऱ्यावर आहेत. निगातातल्याच माकी या छोट्या गावाने ऑगस्ट १९९६ मध्ये अणुवीज केंद्रावर सार्वमत घेतले. या विषयावरचे जपानमधले ते पहिलेच. ८८ टक्के मतदान झाले आणि सुमारे ६१ टक्क्यांनी विरोध केला. पुढे कंपनीने प्रकल्प सोडून दिला. दुसरे उदाहरण नोतो द्वीपकल्पाच्या टोकावरच्या सुझू शहराचे. तिथेही अणुवीज केंद्र होणार होते. १९८९ मध्ये लोकांनी नगरपालिकेत ठिय्या दिला, घराघरांत फूट पडली, नातेवाईक एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी, २००३ च्या डिसेंबरात, कंपन्यांनी प्रकल्प गुंडाळला. विकासाला विरोध करणारे म्हणून त्या लोकांना बरेच काही ऐकून घ्यावे लागले होते. मग १ जानेवारी २०२४ ला नोतोत ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. सुझूत घरे जमीनदोस्त झाली, किनारा कित्येक ठिकाणी वर उचलला गेला, रस्ते तुटले. केंद्रासाठी निवडलेल्या जागांपैकी ताकाया हे गाव बाहेरच्या जगापासून तुटून पडले. तिथे भट्टी असती तर लोकांना रस्त्याने नेता आले नसते, समुद्रातून बोटीने नेता आले नसते आणि पडक्या घरांत दारे-खिडक्या लावून बसाही म्हणता आले नसते.

नियामकही नाही म्हणू शकतो. त्सुरुगा केंद्राच्या दुसऱ्या भट्टीखाली सक्रिय भूकंपरेषा असण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला परवानगी नाकारण्यात आली. नव्या नियमांखालचा हा पहिला नकार. पण नियामक खडक आणि यंत्रे तपासतो. लोकांना बाहेर काढण्याचा आराखडा खरोखर चालेल का, हे तपासणे त्याच्या कामात बसत नाही.

आता राजापूर. माडबनच्या सड्यावर जैतापूर अणुवीज प्रकल्प आखला गेला. प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. तो पूर्ण झाला तर काशिवाझाकीपेक्षाही मोठा होईल. मे २०१० मध्ये जनसुनावणी झाली. पर्यावरण अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही, अशी गावकऱ्यांची तेव्हाची तक्रार होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. जमीन गेली माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांची. मोबदल्यावर भांडण झाले आणि २०१३ मध्ये तो वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख करण्यात आला.

खाडीच्या पलीकडे साखरी नाटे आहे. मुख्यतः मुस्लिम मच्छीमारांचे गाव. त्यांची जमीन गेली नाही, म्हणून कागदोपत्री ते प्रकल्पग्रस्त ठरत नव्हते. समुद्राचा सातबारा नसतो. भट्ट्यांतून सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याने मासळी दूर जाईल आणि सुरक्षेच्या नावाखाली बोटींना बंदी येईल, ही त्यांची भीती. हेक्टरच्या हिशेबात ती मोजताच येत नव्हती. १८ एप्रिल २०११ रोजी, फुकुशिमाला सहा आठवडेही झाले नसताना, नाटे इथे पोलीस गोळीबारात एक तरुण मच्छीमार मारला गेला. त्या वेळी काहींनी या आंदोलनाला धर्माचा रंग देण्याचा प्रयत्न केला. वास्तविक आंबा-काजूचे बागायतदार आणि मच्छीमार, हिंदू आणि मुसलमान, एकाच प्रश्नासाठी रस्त्यावर आले होते. गरीब माणसाने आपल्या पोटाविषयी प्रश्न विचारला की त्याचे नाव आधी पाहिले जाते, हा अनुभव आपल्याला काही नवा नाही.

जैतापूरचा प्रकल्प रद्द झालेला नाही. फ्रान्सच्या ईडीएफ कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये आपला तांत्रिक-व्यावसायिक प्रस्ताव दिला आहे. २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचे सरकारचे लक्ष्य आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ नावाचा नवा कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा त्याने मोडीत काढला, खासगी कंपन्यांना या क्षेत्रात येऊ दिले. यंत्रे सदोष निघाली तर ती पुरवणाऱ्याकडून वसुली करण्याची जी तरतूद २०१० च्या कायद्यात भोपाळच्या आठवणीतून आली होती, ती नव्या कायद्यात राहिली नाही. फुकुशिमात जबाबदार कोणी ठरले नाही ते अपघातानंतर. आपल्याकडे जबाबदारांची यादी अपघाताआधीच आखूड झाली आहे.

राजापूर, रत्नागिरी, देवगडकडच्या आमच्या तरुण वाचकांना एक काम सुचवतो. मोबाइलवर नकाशा उघडा आणि माडबनभोवती १६ किलोमीटरचे वर्तुळ काढा. आपल्याकडे आणीबाणीच्या नियोजनासाठी हेच अंतर धरण्याची पद्धत आहे. त्यात जैतापूर येईल, नाटे येईल. विजयदुर्गही येईल, पण तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. म्हणजे आपल्याकडचा शिगा. मग वर्तुळातली गावे मोजा आणि कोणत्या ग्रामपंचायतीचा ठराव आजवर कोणी मागितला, तो कुठे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. बाहेर काढण्याचा आराखडा मागा, आणि तो मागताना महिना जुलै धरा: अणुस्कुरा घाटात दरड कोसळली आहे, महामार्गावर पाणी आहे, मासेमारी बंद असल्याने होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवल्या आहेत आणि घरात दादी अंथरुणाला खिळलेली आहे. तिला कोण, कोणत्या गाडीतून, कुठे नेणार, याचे उत्तर पुढच्या सुनावणीत लेखी मागा, आणि मराठीत मागा.